मिनीबसचे पाटे

माझा धंदा वजनकाटे तपासण्याचा. आधी नगरच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या मोजमाप विभागात बावीस वर्षं काढली, मग व्हीआरएस घेतली आणि हे सुरू केलं. कांदा मार्केटमधले काटे, दूध संकलन केंद्रांवरचे काटे, भंगारवाल्यांचे काटे. जिचं वजन पक्कं ठाऊक आहे अशी वस्तू काट्यावर ठेवायची आणि काटा काय म्हणतो ते लिहून घ्यायचं. एकदा नाही, तीनदा. एक रीडिंग म्हणजे रीडिंगच नव्हे, हे मी कंपनीत शिकलो आणि घरच्यांना वात येईपर्यंत घरीही शिकवत राहिलो. माझी बायको प्रणिता म्हणायची, हे भाजीतलं मीठसुद्धा तीनदा चाखून सांगतात, तोवर भाजी संपलेली असते.

हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे हा माणूस अंगारे-धुपारेवाला असेल असा समज व्हायला नको. मी देवळात जायचो तो आईला सोडायला, आणि बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचो.

गाडी म्हणजे सत्त्याण्णव सालची डिझेल एसयूव्ही. बनवणाऱ्यांनी ती केव्हाच बंद केली आणि सुटे भाग मिळणंही हळूहळू बंद झालं. विकून टाक म्हणणारे पुष्कळ होते, पण माझा तिच्यावर जीव होता आणि थोडा हट्टही. मागच्या भागात लाकडी पेटीत वीस-वीस किलोची बारा लोखंडी वजनं कायम असायची. त्या ओझ्याने मागचे पाटे बसले. पाटे म्हणजे चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. खड्ड्यातला दणका आधी त्या झेलतात, उरलेला शॉकअप झेलतात आणि त्यातून उरेल तो माणसांच्या पाठीत जातो.

नवे पाटे कुठेच मिळेनात, तेव्हा मला घोडेगावचा अंगद सापडला. गुरांच्या बाजारासमोर त्याचं गॅरेज आहे. एका गाडीचा भाग दुसरीला बसवण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नसावा.

"साहेब, आसली गाडी मरत न्हाई," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "हिला कुनाचं बी काय बी बसवा. भोकं जुळली की झालं."

मी खिशातून व्हर्नियर काढून भोकं मोजायला लागलो तर तो पोट धरून हसला. "पाटा मोजताय का सोनं?"

आम्ही गुरं वाहणाऱ्या एका पिकअपचे पाटे बसवले. ते दोन इंच लांब होते, म्हणून मागची कडी सरकवून पुन्हा वेल्ड केली. भोकात बसतील अशा नळ्या लेथवर करून घेतल्या. गाडी तीन इंचांनी उचलली गेली. मी तिच्याभोवती फिरून फोटो काढले आणि कंपनीतल्या जुन्या मित्रांना पाठवले. आता तिने कितीही ओझं पेललं असतं, फक्त रिकामी असताना दगडासारखी आदळायची. हे मला पहिल्याच किलोमीटरला कळलं होतं. पण ती दिसत फार छान होती.

आई तेव्हा एकोणऐंशीची. इंदू तिचं नाव. गाडीत चढायला तिला आता स्टूल लागायचं. पुणतांब्याला तिच्या मावसबहिणीची पंच्याहत्तरी होती, तिथे मी तिला घेऊन निघालो. राहात्याच्या पुढे एक आडवा चर होता, तो मला उशिरा दिसला. गाडी आदळली. मागे आईच्या तोंडून आवाज आला नाही.

"आई, लागलं का?"

"नाही रे," ती म्हणाली. पण लगेच नाही. दोन-तीन सेकंद गेले आणि मग म्हणाली. ते सेकंद मी ऐकले होते आणि तरी गाडी थांबवली नाही, कारण आम्हाला आधीच उशीर झाला होता.

संध्याकाळी तिला पाटावरून उठता येईना. कमरेच्या वरचा मणका दबला होता. हाडं ठिसूळ झालेली, डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतं. मी मान हलवली. गाडीच्या पाट्यांचा विषय मी त्यांच्याकडे काढला नाही. घरी आलेल्या प्रत्येकाला मी रस्त्यांबद्दल बोलून दाखवायचो, आणि आई कॉटवर पडल्या पडल्या ते ऐकायची.

तीन महिन्यांनी मी पुन्हा अंगदकडे गेलो. तिला तपासणीला न्यायचं तर या गाडीतून नेणं मला शक्य नव्हतं. अंगदने एका शाळेची मोडीत निघालेली मिनीबस घेतली होती. तिचे पाटे लांब आणि पातळ. प्रत्येक बाजूला त्यातले चारच ठेवले, शॉकअप एका नव्या मोठ्या गाडीचे घेतले, खालच्या बाजूला त्यांचा बुश, म्हणजे रबरी कडं, जाड होता म्हणून जागा घासून मोठी केली. दोन दिवस आम्ही दोघं गाडीखाली होतो. तिसऱ्या दिवशी पुढच्या चाकासमोर विटेचा तुकडा ठेवून अंगद गाडी त्यावरून घेऊन गेला आणि खिडकीतून ओरडला, "साहेब, आता झोपून जावा!"

पहिल्या फेरीला निघायच्या आधी मी आईच्या कॉटपाशी गेलो. म्हटलं, "गाडी आता मऊ केलीय. तू बरी झालीस की पुणतांब्याला परत जाऊ."

"माझं राहू दे," ती म्हणाली. "तू दिवसभर त्या रस्त्यांवर असतोस. तुला नकोत असले दणके." मग मला खाली वाकायला लावून तिने माझ्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. हे ती मी शाळेत जायचो तेव्हापासून करत आली होती, त्यामुळे मी घड्याळाकडे बघत उभा होतो.

त्या दिवशी इमामपूरच्या घाटाखालचा खड्डा मला लागलाच नाही. तो खड्डा मी सहा वर्षं ओळखत होतो. गाडी त्यावरून गेली, स्टिअरिंग किंचित हललं आणि बस. पेटीतली वजनं एकमेकांवर आपटून जो आवाज करायची, तोही आला नाही. जेऊरचे तीन स्पीडब्रेकर, पांढरीच्या पुलाजवळचा उखडलेला पट्टा, सगळं तसंच. ग्लासात चहा ठेवला असता तर सांडला नसता. मी दोन आठवडे गाडीवर बेहद्द खूश होतो. गाणी लावून हिंडलो. हे लिहिताना मला माझी लाज वाटते.

आधी खटकलं ते अंगदला. तिसऱ्या शुक्रवारी मी घोडेगावला पोचलो तेव्हा तो सवयीने गाडीखाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

"साहेब, हात लावा."

मी मागच्या शॉकअपला हात लावला. खराब रस्त्यावर तासभर चाललेली गाडी असली की शॉकअप तापतो, कारण दणका जिरतो तो उष्णता होऊनच. हा गारगार होता. चारही गार होते. दांड्यावर आम्ही बसवताना लागलेलं ग्रीस जसंच्या तसं, एक रेघ पुसलेली नाही.

"हे हललंच न्हाई," अंगद म्हणाला. "पाटा बी न्हाई. मग गाडी उसळत का न्हाई?"

मी काहीतरी म्हणालो. टायरमधली हवा, वजनाची विभागणी. त्याने ऐकून घेतलं. मला मात्र परतीच्या वाटेवर एकच गोष्ट सुचत होती. खड्डा आहे, चाक त्यात जातंय, गाडीला गती आहे. दणका तयार होतोय. तो झाल्यावर कुठेतरी जायलाच हवा.

घरी प्रणिता आईची पाठ शेकून उठत होती. म्हणजे शेकायला म्हणून बसली होती आणि पिशवी बाजूला ठेवून दिली होती.

"ताप नाहीये," ती म्हणाली. "पण पाठ हाताला गरम लागते हो. आणि आज आईंचं अंग फार उडत होतं. दचकल्यासारखं. झोपेत नाही, जागेपणी."

"डॉक्टरांना विचार."

"विचारलं. स्नायूंचं असतं म्हणाले. वेळ लिहून ठेवा म्हणाले."

तिने औषधांच्या वहीच्या मागच्या पानावर वेळा लिहिल्या होत्या. प्रणिताचं अक्षर सुवाच्य आहे. नऊ बावन्न, नऊ बावन्न, नऊ त्रेपन्न. मग दहा वाजून चार मिनिटं, त्यापुढे तिने 'जोरात' असं लिहिलं होतं. मग दहा अकरा ते दहा तेरा, 'सारखं थरथर'. मी ते पान उभ्याने वाचलं आणि मग खुर्चीत बसून वाचलं. जेऊरचे तीन. घाटाखालचा खड्डा. पुलाजवळचा पट्टा. परतीच्या वेळाही होत्या, उलट क्रमाने. आदल्या मंगळवारी मी हिवरे बाजारच्या डेअरीवर गेलो होतो. त्याही दिवशीच्या वेळा होत्या. मी घरी असलेल्या दिवसांची पानं कोरी होती.

मी प्रणिताला सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं, वही बंद केली आणि म्हणाली, "गाडी काढू नका."

"योगायोग असेल तर?"

"असू दे की. गाडी काढू नका म्हणजे झालं."

कोणीही शहाणा माणूस तिथे थांबला असता. गाडी आठ दिवस उभी करायची, त्यात कोणाचं काही जाणार नव्हतं. पण मला खात्री हवी होती. मी जन्मभर लोकांना सांगत आलो की अंदाज म्हणजे माहिती नव्हे. आठवडाभर मी स्वतःशी वाद घातला आणि पुढच्या शुक्रवारी सकाळी निघालो. जाताना बैलगाडीच्या वेगाने गेलो, प्रत्येक खड्डा चुकवला, मागचे लोक हॉर्न वाजवून शिव्या देत होते.

घोडेगावात बाजाराच्या फाटकाआधी एक उंच स्पीडब्रेकर आहे. त्याच्या अलीकडे गाडी थांबवून मी घरी फोन लावला.

"आईजवळ बस. फोन चालू ठेव. तिचं अंग उडलं की नुसतं 'आत्ता' म्हण."

"मी असलं काही करणार नाही. तुम्ही गाडी तिथेच ठेवा आणि बसने या."

"प्रणिता, फक्त बस तिच्याजवळ."

तिने फोन ठेवला नाही. मी चार मिनिटं काहीच केलं नाही. तिकडूनही काही आलं नाही. पाचव्या मिनिटाला मी हळूच गाडी स्पीडब्रेकरवरून नेली. सीटला जाणवलंही नाही.

"आत्ता," प्रणिता म्हणाली.

मी गाडी वळवून घेतली. या वेळी सात मिनिटं थांबलो, म्हणजे तिला अंदाज येऊ नये. एक म्हैस रस्ता ओलांडून गेली, तिच्यामागे तिचा मालक गेला. मग मी निघालो.

"आत्ता. पुरे करा. अहो, पुरे."

दोन झाली होती. दोन रीडिंग जुळली होती आणि मी घामाने चिंब झालो होतो. तरीही मी गाडी परत वळवली. विचार केला असं म्हणता येणार नाही, हाताला सवय होती. वेग बदलला तर परिणाम बदलतो का, हे बघायला हवं होतं. तिसऱ्यांदा मी चाळीसने गेलो.

गाडी पाण्यावरून गेल्यासारखी गेली. फोनमधून वाळकी काटकी मोडल्याचा आवाज आला.

प्रणिताचा श्वास ऐकू येत होता. मग लांबून, कॉटवरून, आईचा आवाज आला. "त्याला सांगू नकोस गं. गाडी चालवतोय तो."

मी गाडी अंगदच्या गॅरेजात लावली. किल्ली त्याच्या हातात दिली.

"काय झालं साहेब? तोंड का आसं?"

मला खरं सांगता आलं असतं. अंगद हसला नसता, त्याने शॉकअपला स्वतः हात लावला होता. पण भरल्या बाजारात उभं राहून ते शब्द तोंडाबाहेर काढायचे, माझ्यासारख्याने, हे मला जमलं नाही.

"क्लच घसरतोय," मी म्हणालो. "राहू दे इथे."

एसटीत मी मुद्दाम मागच्या सीटवर बसलो. जेऊर, शेंडी, सगळे खड्डे माझ्या पाठीत बसले. प्रत्येक दणक्याला मला बरं वाटत होतं.

दुसरा मणका गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, "कुठे पडल्या का या?" प्रणिताने माझ्याकडे बघितलं नाही. "कॉटवरून उतरताना," ती म्हणाली. बाहेर आल्यावर तिने एवढंच विचारलं, "गाडी कुठे आहे?"

"घोडेगावला."

"राहू दे तिथेच."

त्यानंतर आमच्यात त्यावर बोलणं झालं नाही. मी आईचं सगळं करू लागलो. तिला भरवणं, कूस बदलणं, पाठीला तेल. पाठ आता गार होती. मी तिची माफी मागायची असं रोज ठरवायचो आणि रोज उशी सारखी करून उठायचो. तिनेही विषय काढला नाही. एकदाच म्हणाली, "हल्ली घरीच असतोस. बरं वाटतं." दहाव्या दिवशी उशांना टेकून ती बसली आणि मेतकूट-भात मागून खाल्ला.

अकराव्या दिवशी दुपारी तिचं अंग दोनदा उडलं. मी धावत आतल्या खोलीत जाऊन अंगदला फोन लावला.

"गाडी हलवलीस का?"

"फाटकापत्तुर न्हेल्ती जरा, क्लच बगाया. साहेब, क्लचला काय बी झालेलं न्हाई."

"हलवू नकोस. मी येतो, पाटे काढायचेत."

"पाटे? आवं, आसं काम मी जलमात केलं न्हाई. का काढायचे?"

दुसऱ्यांदा मला सांगता आलं असतं. "येतो तेव्हा सांगतो," मी म्हणालो. "आत्ता आईची तब्येत बरी नाही, तिला सोडून निघता येत नाही."

"काय झालं आईस्नी?"

"मणक्याचं आहे. झोपून असते."

"आरारा," तो म्हणाला. "काय लागलं तर सांगा, साहेब."

मी रविवारी जाऊन पाटे स्वतःच्या हाताने काढणार होतो. शनिवारी दुपारी आईची औषधं आणायला चौकातल्या दुकानात गेलो. गर्दी होती, परत यायला वेळ लागला. प्रणिता दारातच उभी होती.

"सुरू झालंय," ती म्हणाली.

मी चपलांसकट आत गेलो. आई उताणी पडली होती, दोन्ही हातांनी कॉटच्या कडा धरून. अंगाखालून कोणीतरी ठोसा द्यावा तशी ती उडाली आणि खाली आली. तोंड घट्ट मिटलेलं होतं.

खिशातला फोन काढला. वीस मिनिटांपूर्वीचा मेसेज होता.

'साहेब गाडी घिऊन निगालो. आईंला दवाखान्यात न्यायला दारात गाडी पायजे. तुमी दगदग करू नका.'

मी फोन लावला. रिंग वाजत राहिली. अंगद गाडी चालवताना फोन घेत नाही. त्याच्या चांगल्या सवयींपैकी ती एक. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला, मग फोन प्रणिताच्या हातात दिला आणि म्हणालो, लावत राहा.

आई थरथरायला लागली. दात वाजत होते. पांढरीच्या पुलाजवळचा पट्टा.

मी गुडघ्यांवर बसलो आणि दोन्ही हात तिच्या पाठीखाली घातले. पाठ तापली होती. दणका आला तो माझ्या तळव्यांना लागला, खालून वर, गादीतून नाही, कुठून ते सांगता येत नाही. मी बोटं ताठ धरली. झेलता येईल तेवढा झेलायचा. पण तो माझ्या हातांतून तसाच वर जात होता.

घाटाखालचा खड्डा आला तेव्हा ती पहिल्यांदा कण्हली.

"आई, माझं चुकलं," मी म्हणालो. "माझ्यामुळे झालं सगळं. पहिल्यापासून माझ्यामुळे."

तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"तू इथे आहेस?"

"हो, इथेच आहे."

"मग गाडीत कोण आहे?"

प्रणिताच्या कानाला लावलेल्या फोनमधली रिंग मला ऐकू येत होती.

"अंगद," मी म्हणालो. "गाडीचं काम करतो तो. अगं, तू सोडून दे. तो मी नाहीये. सोड."

जेऊर. एक. दोन. तीन. तिसऱ्याला तिची नखं माझ्या दंडात रुतली. कळ ओसरायची वाट बघत ती पडून राहिली.

"त्याला आई आहे का रे?"

मला खोटं बोलता आलं असतं. तेवढं एकदा तरी बोलायला हवं होतं. पण अंगदची आई तो लहान असताना गेलेली, हे त्यानेच मला गाडीखाली पडल्या पडल्या सांगितलं होतं, आणि मी खरं ते सांगितलं.

"नाही."

"मग असू दे," आई म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

शेंडी गेली. मग गाडी शहरात शिरली असणार, कारण दणके बारीक आणि पटापट यायला लागले. ती आता कण्हत नव्हती. प्रणिताने फोन खाली ठेवला आणि आईचे पाय धरून बसली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक स्पीडब्रेकर आहे. रहिवाशांनीच घातलेला, ओबडधोबड. तेवढा एक तरी वाचवता येईल, असं माझ्या मनात आलं.

"तू हात घाल," मी प्रणिताला म्हटलं आणि पळालो.

मी गल्लीत पोचलो तेव्हा गाडी चौकातून वळत होती. उन्हात तिची काच चमकत होती. मी दोन्ही हात वर करून ओरडलो, थांब, थांब. अंगदने मला बघितलं. तो हसला आणि त्यानेही खिडकीतून हात बाहेर काढून हलवला.

पुढची चाकं स्पीडब्रेकरवर चढली.

गाडी उसळली. नाक वर गेलं, दाणकन खाली आलं, मग मागची बाजू उडाली, पेटीतली बारा वजनं एकमेकांवर आपटली आणि सबंध गल्लीभर तो आवाज गेला. कुठल्याही जुन्या गाडीसारखी ती दोन-तीनदा डुलली आणि माझ्यासमोर येऊन थांबली.

अंगद डोकं चोळत होता. छताला लागलं होतं त्याचं.

"आवं साहेब," तो म्हणाला, "घोडेगावपासून पान्यावरून आल्यागत आली. आन हितं दारात यिऊनच कशी काय आपटली?"

मी त्याच्याकडेच बघत उभा राहिलो. मागे घराचं दार उघडल्याचा आवाज आला. प्रणिताने मला हाक मारली नाही.